टोपलीतला चौथा हात

मी संशयी आहे असं माझी सून म्हणते. म्हणू दे. घरात आम्ही तीन बायका, म्हणजे मी, सून आणि दुसरीतली नात, आणि माझ्या लोकरीच्या टोपलीत अगदी तळाशी एका बाप्याच्या हाताचा कागद. आता तुम्हीच सांगा, संशय घेऊ नको तर काय टाळ्या वाजवू?

हाताचा कागद म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी काहीतरी बरळतेय. थंडीचे हातमोजे आमच्याकडे विकत आणत नाहीत, मी विणते. बाजारातले मोजे बोटांत ढगळ आणि मनगटाला करकचून. मी प्रत्येकाला कागदावर पंजा टेकवायला लावते, भोवतीनं पेन्सिल फिरवते आणि त्या आकृतीवर मोजा लावून बघत बघत विणते. विणून झालं की ते कागद नातीचे. ती लाल कागदाची घडी घालते, पंजाचा अंगठा आणि पहिलं बोट घडीला टेकेल असा कागद ठेवते, कडेनं कापते आणि उघडते. दोन हात जोडलेले आणि मध्ये बदामाच्या आकाराची फट. हे व्हॅलेंटाइनच्या आधी खिडकीला चिकटवायचे, शेजारी पांढऱ्या कागदाचे बर्फाचे तारे. खर्च काही नाही, पसारा मात्र घरभर. चहात कागदाचे कपटे निघतात.

तर त्या दिवशी करड्या लोकरीचा गुंडा शोधायला मी टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि हा कागद वर आला. आमच्या तिघींचे पंजे मी डोळे मिटून ओळखते. हा चौथा होता. रुंद, बोटांची पेरं जाडजूड, आणि करंगळी मधल्या पेरापाशीच संपलेली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

कागदावर ना नाव, ना गाव. पण पेन्सिल कुणी फिरवली ते मला कळलं. सून चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथं ती भिंगांभोवती खुणा करते, तशीच बारीक, न तुटणारी रेघ. म्हणजे बघा, बाईसाहेबांनी कुण्या परक्याचा हात हातात धरून सावकाश रेघ ओढली होती. आणि वर हिंमत अशी की माल माझ्याच टोपलीत लपवला.

माझा मुलगा गेल्याला हा चौथा हिवाळा. सून तरुण आहे, हसली की अजून मुलगी दिसते, हे मला दिसत नाही असं थोडंच आहे? पण ती गेली की नात गेली, आणि नात गेली की मी या तीन खोल्यांत भिंतींशी बोलत बसणार. त्याची मला भीती वाटते. सरळ सांगते, उगाच मोठेपणा कशाला. रागापेक्षा भीतीच जास्त होती, पण भीती दाखवायची मला सवय नाही, म्हणून मी राग धरला.

कागद मी होता तिथंच, तसाच ठेवला आणि मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, बघू या दोघं कधी काढून नेतात ते. रोज सून कामावर गेली की मी टोपलीच्या तळाला हात घालायची. कागद आपला जागच्या जागी. पक्के निघाले, म्हटलं, घाई करत नाहीत.

मग मी हात शोधायला लागले. थंडीच्या दिवसांत हे काम किती अवघड आहे ते करून बघा. गावातला एकूण एक पुरुष हातमोजे घालून फिरतो. औषधवाल्याला मी म्हटलं, बघू तुमचे मोजे, वीण कुठली आहे. त्यानं बिचाऱ्यानं काढून दिले. दहाही बोटं शाबूत. पाववाल्याला तेच विचारलं. बसचा ड्रायव्हर माझ्याकडे असा बघायला लागला की मीच ओशाळले आणि एक स्टॉप आधी उतरले. शेजारीण म्हणाली, अहो, तुम्ही मोज्यांचं दुकान काढताय की काय? मी हो म्हणून टाकलं. आता ती रोज विचारते, कधी काढताय.

घरात तर पाणी मुरतच होतं. नात एरवी चुरुचुरु बोलणारी, पण लाल कागद कापताना मी सहज विचारलं की आईबरोबर परवा कुठे गेली होतीस, तर तोंडाला कुलूप. आई सांगेल तुला, म्हणाली. एवढ्याशा पोरीला गुपितं ठेवायला शिकवलं होतं. आणि सून आधी गुणगुणायची, भांडी विसळताना, केस विंचरताना. मग हळूहळू तिचं गुणगुणणं बंद झालं. जेवताना माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी बघितलं की पाण्याचा पेला उचलायची. मनात पाप असलं की माणूस असंच करतं, असं मला वाटलं.

एकदा तर तिनं कमालच केली. मी विणत बसले होते. ती दारात उभी राहिली, हातात पुसायचं फडकं, आणि म्हणाली, "आई, टोपली कधी रिकामी केलीत की नाही? तळाशी काही मिळालं का?"

बघा, अंदाज घ्यायला आली होती. मीही काही कच्ची नाही. सुईवरची नजर न हलवता म्हटलं, "टोपलीत काय मिळणार? लोकर."

तिचा चेहरा उतरला. फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली, आणि आत गेली. कशी बोलती बंद केली, असं मी मनात म्हटलं आणि एक ओळ चुकीची विणली.

त्यानंतरच्या शनिवारी वाचनालयात मुलांसाठी हस्तकलेची दुपार होती. सोप्या घरगुती वस्तू, कुटुंबासह या, असा कागद दारावर लावला होता. मुलाला एकटं पाठवून चालणार नव्हतं आणि सुनेला दुकानातून सुट्टी नव्हती. मीच गेले नातीला घेऊन.

वरच्या मजल्यावर लांब टेबलं मांडली होती. एका टेबलावर बर्फाचे तारे. दुसऱ्यावर ताटल्यांत पाणी, त्यात संत्र्याची साल, काटक्या, लाल बिया आणि दोऱ्याचं एक टोक. ती ताटली संध्याकाळी बाहेर ठेवली की सकाळी बर्फाची चकती तयार, झाडाला टांगायची. तिसऱ्यावर बदाम, कापडाचे, कागदाचे, जुन्या स्वेटरच्या बाह्यांचे. आयाबाया मुलांपेक्षा जास्त रंगात आल्या होत्या आणि एका आजोबांनी स्वतःच्या बाहीला डिंकानं बदाम चिकटवून घेतला होता.

कोपऱ्यात एका काचवाल्यानं जुन्या खिडक्यांच्या चौकटी उभ्या केल्या होत्या. पतंगाच्या कागदाचे तुकडे काचेवर चिकटवायचे, मागून उजेड आला की रंग पेटतात. नात माझा हात सोडून थेट तिकडे पळाली. काचकाका, म्हणाली. चांगलीच ओळख होती म्हणजे. तो वाकून एका मुलाचा कागद काचेवर दाबून धरत होता. वाचनालयात शेगडी होती, त्यामुळे मोजे खिशात. उजवा पंजा काचेवर पसरलेला, रुंद, जाड पेरांचा, आणि करंगळी अर्धी.

इतके दिवस मी त्या हाताला मनात शिव्या घातल्या होत्या, आणि आता तो हात एका शेंबड्या पोराचा कागद सरळ करत होता.

त्यानं मला बघितलं आणि ताठ उभा राहिला. माणूस चाळिशीच्या पुढचा, कानशिलावर पांढरे केस, डोळे झोप न झाल्यासारखे. चष्म्याच्या दुकानाची मोठी काच फुटली होती तेव्हा यानंच बसवली असणार, हे माझ्या तिथंच ध्यानात आलं. तो नमस्कार करून म्हणाला की बसा, खुर्ची देतो. साखरपेरणी नाही, हसणं नाही. एवढंच विचारलं की नातीचे मोजे तुम्ही विणलेत ना, फार छान बसलेत.

आमच्या घरातली गोष्ट याच्यापर्यंत पोचली होती. माझा ताबा सुटला. आजूबाजूच्या चार आया ऐकतील अशा आवाजात मी म्हटलं, "मी मोजे घरच्यांचेच विणते. बाहेरच्यांचे नाही."

त्यानं मान हलवली. "हो," म्हणाला, "कळलं मला ते."

भांडायला आला असता तर बरं झालं असतं. पण तो खाली बसला आणि नातीला पिवळा कागद फाडून द्यायला लागला, अगदी हळू. मी तिला ओढतच घरी आणलं. वाटेत ती रडली, तिची काच अर्धी राहिली म्हणून. मी म्हटलं, गप्प बस. मग मलाच वाईट वाटलं आणि तिला कडेवर घ्यायला गेले तर माझी कंबर धरली.

सून घरी आली तेव्हा नात शेजारणीकडे खेळत होती. मी टोपली स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. गुंडे घरंगळत गेले, एक तर थेट चुलीखाली. तो कागद वर ठेवला आणि म्हटलं की हे माझ्या घरात, माझ्या टोपलीत, माझ्या नाकाखाली लपवून ठेवायला लाज कशी वाटली नाही. आणि पोरीलाही यात ओढलंत.

ती कोट काढायचीही विसरली. कागदाकडे बघत राहिली.

"तुम्हाला मिळाला होता?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, चोर कधी माल काढायला येतो याची वाट बघत होते. ती खुर्चीवर बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. अगदी थकलेल्या आवाजात बोलली.

"आई, त्या टोपलीत तुमच्याशिवाय कुणी हात घालतं का? मला लपवायचं असतं तर दुकानात ठेवला असता. तुमच्यासाठीच ठेवला होता. आमच्या दोघांबद्दल तोंडानं विचारायची माझी छाती झाली नाही. वाटलं, तुम्ही मोजे विणायला घेतलेत तर समजायचं हो. नाही घेतलेत तर नाही. मग मी विचारलं, काही मिळालं का, तर तुम्ही लोकर म्हणालात. मला वाटलं, तेच तुमचं उत्तर."

मी तो कागद टेबलावर सपाट केला.

ती पुढं म्हणाली की गुरुवारी तिनं त्याला नकार कळवला. त्यानं कारणही विचारलं नाही. फक्त म्हणाला की शनिवारी मुलांना काचा देईन म्हणालो होतो, तेवढं करतो.

म्हणजे तो मला खुर्ची देत होता तेव्हा त्याला वाटत होतं की मी त्याला आधीच घराबाहेर काढलंय. आणि मी पुन्हा एकदा, चारचौघांत, दार आपटलं होतं.

"त्याच्याकडे जाणार होतात? राहायला?" मी विचारलं.

तिनं खोटं सांगितलं नाही. हो म्हणाली. त्याचं घर त्याच्या काचेच्या कारखान्याच्या वर आहे, पुलापलीकडे, नातीला स्वतंत्र खोली मिळेल. तुम्ही चला म्हणणार होतो, पण तुम्ही हे घर सोडणार नाही हे मला माहीत आहे. आता तो विषयच नाही, म्हणाली, आणि वाकून चुलीखालचा गुंडा काढायला लागली.

आता मी काय सांगते ते नीट ऐका, कारण हे मी शेजारणीला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. सून कुठे जाणार नव्हती, नात जाणार नव्हती, आणि मी तोंडानं नाही म्हटल्याचा ठपकासुद्धा माझ्यावर नव्हता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचा सराव तर मला इतक्या दिवसांत चांगलाच झाला होता.

सून गुडघ्यांवर बसून हात लांब करून गुंडा ओढत होती. कोट अंगात तसाच. पाठमोरी अशी वाकलेली दिसली, आणि मला ती एकदम माझ्या वयाची वाटली.

"मी नाही म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "मला काही समजलंच नव्हतं. फोन लाव त्याला."

ती वळून बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं की लाव, नाहीतर माझा विचार बदलेल. घाईत तिचा नंबर दोनदा चुकला. तिकडून तो हॅलो म्हणाला तशी मी फोन तिच्या हातातून घेतला.

मी सासू बोलतेय, म्हटलं. मी सांगितलं की उद्या येऊन दोन्ही हातांचं माप देऊन जा, दुसऱ्यानं काढलेलं माप मला चालत नाही. आणि एक अट आहे. मोजे पुरे होऊन हातात पडेपर्यंत या घरातलं कुणी कुठे जाणार नाही. त्यानं हो म्हटलं, कितीही वेळ लागू दे म्हणाला.

खूप लागेल, मी म्हटलं, मी फार सावकाश विणते.

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि घरंगळलेले गुंडे गोळा करायला लागली. मोज्यांची जोडी मी आठवड्याच्या आत उतरवते, हे तिला चांगलं माहीत आहे.