कृष्णामाईची चाल आणि माझा भाता

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मिरजेची आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला ऐऱ्यागैऱ्या खोक्यांत मोजणार नाही. मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका.

सागवानी अंग, पितळेचे सूर आणि मागे वारा भरणारा भाता, अशी माझी घडण. ज्या कारागिराने मला जोडले तो एकेक सूर कानाशी धरून घाशी, आणि तो मनासारखा बोलेपर्यंत त्याला जेवणाची आठवण होत नसे. त्याच्या हातून मी पलूसजवळच्या एका मळ्यात आले. मळ्याचे आताचे धनी लालासाहेब, त्यांच्या वडिलांनी मला भजनी मंडळासाठी आणले होते. पुष्कळ वर्षे माझ्याभोवती माणसे दाटीने बसली. "पेटी बोलती बघा," असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते. पुढे वडील गेले, मंडळ पांगले आणि मला माळ्यावर चढवले. माझ्यावर बियाण्याच्या शेंगांची पोती आली. पोत्यांमागून उंदीर आले. त्यांनी भाता कुरतडला आणि माझा मधला एक सूर मुका झाला.

सन १९७६ मध्ये हरणाबाई या घरात सून म्हणून आली. माहेर कोरेगावचे. नवरा धोंडिराम, लालासाहेबांचा मुलगा, पलटणीत. सुटी संपताच तो निघून गेला. एके दिवशी पोती काढताना तिला मी दिसले. तिने मला खाली आणले, पुसले आणि भात्याला खळीने कापडाची पट्टी चिकटवली. तिला पेटी येत होती असे मुळीच नाही. शाळेतली प्रार्थना एका बोटाने वाजवण्यापुरतीच तिची विद्या. सासूबाई चंद्राबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "पेटी बाप्या माणसांची. तू आपली भाकरीकडं बघ, तव्यावर करपतीया."

मळ्याला लागूनच शाळा होती. पुढच्या वर्षी तिथल्या गुरुजींनी स्नेहसंमेलनासाठी कृष्णा नदीवर मुलांचा नाच बसवायला घेतला. शब्द त्यांनी लिहिले. चाल मात्र सुचेना. आमच्या ओसरीवर चहा घेताना ते लालासाहेबांना म्हणाले, "आता एखाद्या पिक्चरची चाल लावतो झालं."

दाराआडून हरणा म्हणाली, "कृष्णामाईला पिक्चरची चाल कशाला, गुरुजी? मी बसवू का?"

चंद्राबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिले. गुरुजी हसले. "बसवा की वहिनी. जमलं तर तुमची लावू. न्हाई तर पिक्चर हायच."

त्या दिवसापासून ती दुपारची माझ्यापुढे बसू लागली. मला नवशिक्या बोटांची सवय नव्हती. ती एका पट्टीवर अडखळे, मागे जाई, पुन्हा येई. माझा मुका सूर आला की नुसता वारा फुसकन निघे. शेवटी तिने त्या सुराची वाटच सोडली. त्याच्या अलीकडे ती थोडी थांबायची आणि मग एकदम पलीकडच्या सुरावर जायची. मित्रांनो, त्या थांबण्यात काय होते म्हणून सांगू? बाई नदीच्या उताराला पदर खोचून क्षणभर उभी राहते आणि मग पाण्यात पाऊल टाकते, तसे होते ते. इतक्या वर्षांत माझ्यातून अशी चाल निघाली नव्हती. ती कोणाची उसनी नव्हती.

पण हरणाला दिवस गेले होते, आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. संमेलनाच्या आधीच तिला कोरेगावला जायचे होते. तेव्हा धोंडिरामने सुटीवर आणलेला टेपरेकॉर्डर निघाला. मळ्यात वीज नव्हती. यंत्र सेलवर चाले, आणि सेल तर उतरलेले. चंद्राबाईंनी ते पत्र्यावर कुरडयांशेजारी उन्हात ठेवले. आमच्याकडे उतरलेले सेल असेच जागे करतात. दुपारी ते जागे झाले, आणि हरणाने चाल टेपवर भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ नाथाजी तिला न्यायला आला, आणि एसटीपर्यंत पोचवायला बैलगाडी जुंपली. निघण्यापूर्वी हरणाने टेप लावला, तर यंत्र कण्हून बंद पडले. लालासाहेबांनी आपल्या बॅटरीतले नवे सेल काढून त्यात घातले. चाल सुरू झाली. आधी बरी होती. मग आवाज चढू लागला, चाल भराभर धावू लागली आणि शेवटी तर मी चिमणीसारखी चिवचिवले. उन्हातले सेल चाल भरतानाच दमत गेले होते, टेप हळूहळू फिरत गेला होता. आता ताज्या सेलवर तोच धावत सुटला.

"ही कृष्णामाय वाहत न्हाई," लालासाहेब म्हणाले. "मागं कुत्रं लागल्यावानी पळतीया."

हरणा खाली बसली. "ऱ्हाऊ द्या मामंजी. गुरुजींस्नी सांगा, पिक्चरचीच लावा."

"आक्का, उठ. यष्टी चुकंल," नाथाजी म्हणाला.

"थांब रं जरा," लालासाहेब म्हणाले. "सूनबाई, ह्याच सेलवर परत वाजव."

"आवं, आज राती पाण्याची पाळी हाय तुमची," चंद्राबाई म्हणाल्या. "बॅटरीबिगर उसात जाणार?"

"कंदील हाय की. माझा बा कंदिलावरच पाणी पाजत हुता."

हरणा माझ्यापुढे बसली. पण आदल्या दिवशी वाजवत बसून तिची कंबर भरून आली होती. भात्यापर्यंत तिचा हात पुरेना. मी तशीच निर्जीव पडून राहिले. तेव्हा चंद्राबाई पदर खोचून माझ्या मागे येऊन बसल्या. "भाता मी वडते. तू बोटं चालीव."

पहिल्या ओढीला मी किंचाळलेच.

"आत्याबाई, हळू. ताक न्हाई घुसळायचं."

"मला शिकवू नगंस. वाजव तू."

मग त्या हाताला लय सापडली. हरणा थांबली की त्याही थांबत, ती पुढे गेली की वारा पुढे जाई. दोघींचा श्वास माझ्या अंगातून एकच होऊन वाहिला. गुरुजींसाठी चाल पुन्हा भरून झाली. हरणाची ओटी भरली, गाडी हलली आणि चंद्राबाई बांधापर्यंत मागून ओरडत गेल्या, "यष्टीत खिडकीला बसू नगंस, वारं लागंल."

संमेलनाला चंद्राबाई गेल्या नाहीत. "दारात म्हस व्यायला झालीया," असे त्यांनी सांगितले आणि ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. उसापलीकडून कर्ण्यावर चाल आली. मित्रांनो, माझा आवाज मी प्रथमच लांबून ऐकला. चाल मुळीच पळाली नाही. सावकाश आली, उताराला थांबली, पाण्यात शिरली. ती संपली, पण टेप भरण्याच्या दिवशी बटण बंद करायचे सगळेच विसरले होते. कर्ण्यातून चंद्राबाईंचा आवाज साऱ्या शिवारावर गेला, "दमलीस का गं, माझे बाय? टेक जरा माझ्या अंगाव."

चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या घरात त्यांनी सुनेला अशी हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. आता सगळ्या गावाने ऐकली. त्यांचा दुसरा हात माझ्या मिटलेल्या भात्यावर होता.

मित्रांनो, तुमच्या घरात कोठे एखादी पेटी पोत्यांखाली पडली असेल. वाजवता येत नाही, ही सबब मला सांगू नका. तिच्यावरचे ओझे उतरवा, धूळ पुसा. एकाने पट्ट्यांवर बोटे ठेवावी आणि दुसऱ्याने भाता ओढावा. ओढणाऱ्याने घाई करू नये. समोरचा कोठे थांबतो, तेवढे पाहावे.