आधी बूट

कॉलेजातली पोरं तिच्या वडिलांना बूटमास्तर म्हणायची. अमूर्त बीजगणित शिकवताना ते खुशाल टेबलावर पाय ठेवून बूट काढायचे, मग मोजा. "घालताना मोजा आधी, काढताना बूट आधी. केलेलं उलटवायचं तर क्रमही उलटवावा लागतो, गाढवांनो!" एवढंच पोरांच्या डोक्यात राहायचं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

लेक प्रोग्रामर झाली. "माझं बीजगणित उपयोगी पडतं का गं तुझ्या कामात?" असं ते जेवताना हटकून विचारायचे. "छे हो बाबा!" ती हसायची. त्यांचं तोंड उतरायचं, पण म्हातारा चिवट. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्यांना किती कळतं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं. ती आपली कामावर जात होती.

तिथे घरांचे नकाशे काढायच्या प्रोग्रामनं उच्छाद मांडला होता. खोलीच्या कोपऱ्याभोवती कपाट फिरवलं, मग सरकवलं, की छान बसायचं. हे दोन्ही एकदम रद्द केलं, की मूळ जागी यायचं सोडून भिंतीत घुसायचं.

"कपाट आहे की भुताटकी?" साहेब म्हणाले. सगळे हसले. ती पडद्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं बाबांना गल्लीतून फिरवून आणलं, खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात बसून त्यांचा मोजा ओढू लागली. मोजा निघेना. ती ओढतच राहिली. तेव्हा बाबांचा धड हात सावकाश खाली आला आणि त्यांनी तिचा हात धरून बुटावर ठेवला.

पायात बूट तसाच होता.

प्रोग्रामही हेच करत होता. सरकवणं नंतरचं, म्हणून ते आधी रद्द व्हायला हवं होतं. तो आधी फिरवणं रद्द करत होता.

"बाबा, उपयोगी पडतं," ती म्हणाली. "तुमचं बीजगणित. मीच खुळी. ऐकताय ना?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी दुसरा पाय पुढे केला. त्यांना कळलं होतं, का नुसता पाय अवघडला होता, हे आता तिला कोण सांगणार?

तिनं बूट काढला. मग मोजा.