खालचा आकडा

मित्रांनो, रक्तदाब मोजायचा पाऱ्याचा जुना मापक म्हणतात, तो मीच. पोटातच पारा, त्यामुळे तो चढायला वेळ लागत नाही. आणि विश्वास तर मी कुणावरच ठेवत नाही.

कारखान्यात मला एवढंच शिकवलं: हृदय आवळतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडून पुन्हा भरून घेतं तेव्हाचा खालचा. वरच्याचा सगळीकडे बोलबाला. खालच्याला कुत्रं विचारत नाही.

आमच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचे कंपाउंडर काका. काका दंडाला पट्टा गुंडाळत, फुगा दाबून पारा चढवत आणि हळूहळू हवा सोडत. कानाला लावलेल्या नळ्यांतून ठोके ऐकू येऊ लागले की वरचा आकडा, थांबले की खालचा. बाई म्हणत, काकांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. नळ्या काकांच्या कानात, पण बोटं पेशंटच्या मनगटावर! नाडी लागली रे लागली की वरचा आकडा लिहायचा, उरलेली हवा फुस्सकन सोडायची, आणि खालचा? ऐंशी. पोस्टमनचा ऐंशी, त्याच्या सासूचाही ऐंशी. सासू-जावयाचं इतकं कधी जमलंय का? म्हटलं, इथं नक्की पाणी मुरतंय. म्हातारा कामचुकार झाला. चार वर्षं मी त्यांच्याकडे असाच तिरक्या नजरेनं बघत होतो.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी डोकेदुखीसाठी तीनदा आल्या. त्यांचं हृदय सैल पडतं तेव्हाही दाब खाली येत नाही, हे मला पट्ट्यातून कळत होतं. कार्डावर मात्र तिन्ही वेळा ऐंशी. चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता येईना.

बाईंनी स्वतः मोजलं. खालचा एकशे बारा. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे यंत्रच खोटं बोलतंय."

मी? माझ्यावर संशय? शेजारच्या दाताच्या डॉक्टरांकडून दुसरं यंत्र आणलं. त्यानंही एकशे बाराच दाखवले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी मावशींना औषध सुरू केलं आणि कार्डांचा खोका उपसला. चार वर्षांच्या प्रत्येक कार्डावर खालचा ऐंशीच. मग काकांना समोर बसवलं.

काकांनी मान खाली घातली. "वरचा बोटाला कळतो, बाई. खालचा फक्त कानाला. आणि माझे कान गेलेत. सांगितलं असतं, तर तुम्ही घरी बसवलं असतं."

"आणि या दाबानं मावशींचे डोळे गेले असते तर?"

बाईंनी पट्टा काकांच्याच दंडाला गुंडाळला. खालचा एकशे आठ. पकडले जाऊ या धास्तीनं त्या हृदयाला चार वर्षं धड विसावा नव्हता, आणि मी त्यांना कामचुकार म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं.

मावशींचे डोळे वाचले. आता दाब बाईच मोजतात, काका कानाला ऐकायचं यंत्र लावून कार्डं काढून देतात.

मित्रांनो, संशय घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण मी पडलो मुका, नुसता बघत बसलो. तुम्हाला कुणाचं काही खटकलं, तर मनात ठेवू नका, जवळ जाऊन विचारा. तुम्हाला तोंड आहे.