डोक्याचा मान

उंदराची लाळ हा माझ्या प्रबंधाचा विषय. नाक मुरडू नका, ते काम मी रोज करते. तीन जातींच्या रानउंदरांच्या लाळग्रंथी पातळ चिरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायच्या. दोन जाती झाल्या होत्या. राहिला थैलीउंदीर. मांजराएवढा, गालांच्या पिशव्यांत पामची कुजकी फळं कोंबलेला, लाळेनं चिकचिकीत. वास असा की नाकाला फडकं बांधावं लागतं. पण तो मिळाला नाही तर तुलना अपुरी आणि पदवीवर पाणी.

शिकारी न्वोकेदीला मी बजावलं होतं, धड तुझं, डोकं माझं. आणि आगीवर धरून केस जाळू नकोस, ग्रंथी शिजतात. तेव्हापासून त्यानं तोंड दाखवलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मीच त्याच्या घरी गेले.

अंगणात त्याचे वडील ओझोएमेना बसले होते. शिकारीचं डोकं खायचा मान घरातल्या थोरल्याचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी परस्पर मुलाकडे मागितलं, म्हणजे म्हाताऱ्याच्या मानालाच हात घातला. मानाची कोला फळं पुढे ठेवून मी माफी मागितली. त्यांनी एक फोडून माझ्या हातावर ठेवलं, म्हणजे माफी पोचली, आणि विचारलं, डोक्याचं करणार काय? मी सांगितलं, औषधात बुडवून चकत्या करणार. खाणार नाही.

ते बाजूला थुंकले. “जीव घ्यायचा, खायचं नाही, अन् त्याची थुंकी बघत बसायचं? ऐकूनच ओकारी येते, उगोन्वा.”

ओकारी म्हणे त्यांना!

“आज दोन मिळालेत,” ते म्हणाले. “एकाचं डोकं माझ्यासमोर खा. मग दुसऱ्याचं कच्चं ने. न खाणाऱ्या माणसाला डोकं देत नाहीत.”

तिखट रश्शात डोकं आलं, पिवळ्या दातांसकट. मी श्वास रोखून जबडा सोलला. त्याखाली मऊ, रवाळ गोळी जिभेला लागली. ग्रंथीच ती, मी लगेच ओळखली. शिसारीनं अंगावर काटा आला, तरी चावून गिळली. म्हातारा टक लावून बघत होता. मग त्यानं मुलाला खूण केली.

प्रयोगशाळेत पोचताच मी ते कच्चं डोकं ताटलीत ठेवलं. तीच घाण, तोच वास. जबड्याखालची कातडी चिरली, गोळी दिसली आणि रश्शातली चव आठवून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा मात्र मी ओकायला मोरीकडे धावले.