कोराडीच्या डाव्या पेडलाची कैफियत

मित्रांनो, मी शर्यतीच्या सायकलचं एक जुनं पेडल आहे. डाव्या बाजूचं. तुमच्या शाळेच्या सायकलला असतं तसं रुंद आणि रबरी नव्हे. मी तळहाताएवढाही नाही. माझ्या जबड्यात एक स्प्रिंग आहे. खास बुटाच्या तळव्याला एक पट्टी असते. ती माझ्यात बसली की ‘खट्’ असा आवाज होतो आणि पाय माझ्याशी बांधला जातो. टाच बाहेर फिरवली की मी तो सोडतो. लोकांना वाटतं, धरून ठेवणं हे माझं काम. धरणं कोणालाही जमतं हो! वेळेवर सोडणं हे माझं खरं काम, आणि नेमकं तेच माझ्याकडून झालं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. उजवा भाऊ आणि मी एकाच डब्यातून नागपूरला आलो. आमचे पहिले मालक मनीषनगरचे मधुकरराव, निवृत्त इंजिनियर. अंगानं किडकिडीत, पण शिस्तीला कडक. बेसा रोडनं फेरी मारून आले की दातांच्या जुन्या ब्रशनं माझ्या फटी झाडायचे, स्प्रिंगवर पातळ मशिन ऑइलचा एकच थेंब सोडायचे आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचे. एवढी बडदास्त जावयाचीसुद्धा होत नसेल! सात वर्षांत मी कधी कुरकुरलो नाही. मग त्यांचेच गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी सायकल शर्यतीचा सराव करणाऱ्या एका मुलीला, हर्षाला, देऊन टाकली.

हर्षा कोराडीला राहते. तिचे वडील रुपराव वीजकेंद्राच्या फाटकावर पहारेकरी आहेत. पोरगी मोठी जिद्दीची. राज्याच्या संघात निवड व्हावी, एवढा एकच ध्यास. आमच्या रस्त्यावर राख उडते, ट्रकांतून कोळशाची भुकटी सांडते, आणि ती माझ्या सांध्यांत शिरते. पण हर्षा रोज ब्रश मारायची, त्यामुळे माझं निभत होतं.

मग दसरा आला. विदर्भात त्या दिवशी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग लेकीची सायकल कशी सुटेल? रुपरावांनी मला धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मला खरंच भरून आलं. हर्षा सोनं वाटायला गेली होती. रुपरावांच्या मनात आलं, पूजा केली तशी सेवाही करावी. त्यांनी हर्षाच्या आईची, वच्छलाबाईंची, डोक्याला लावायची खोबरेल तेलाची बाटली आणली आणि चमचाभर तेल माझ्या स्प्रिंगवर ओतलं.

मी ओरडलो असतो, पण लोखंडाला आवाज कुठला? ऑक्टोबरात ते तेल पातळ होतं, काही बिघडलं नाही. फक्त राख त्याला चिकटत गेली. हर्षाचा ब्रश वरवर फिरायचा. आतला चिखल मलाच ठाऊक.

डिसेंबरात नागपूरची थंडी पडली. खोबरेल थंडीत गोठतं, हे तुमच्या घरातली बाटलीही सांगेल. संघाच्या निवड चाचणीला चार दिवस उरले होते. भल्या सकाळी हर्षा जोरात निघाली होती आणि पुढचा ट्रक अचानक थांबला. तिनं ब्रेक दाबले, डावी टाच फिरवली. मी जबडा उघडायला जिवाचा आटापिटा केला. पट्टी आत शिरताना तिच्या अंगाचा सगळा भार होता, पण टाचेच्या नुसत्या पिळानं गोठलेली स्प्रिंग हललीच नाही. हर्षा माझ्यासकट डाव्या अंगावर पडली. तिच्या मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं.

दुपारी सायकल दुरुस्त करणारे देवाजी आले. अंगणात लख्ख ऊन होतं आणि आतलं तेल केव्हाच वितळलं होतं. त्यांनी बूट माझ्यात दहादा अडकवला, दहादा काढला.

“पेडल तं मस्त सुटून राहिलं गा रुपरावभाऊ. पोरगी घाबरली असंन.”

“मी टाच फिरवली होती न बाबा!” हर्षा रडवेली झाली. “पाय निघूनच नाही राहिला.”

तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. हळूहळू तिचाही स्वतःवरचा विश्वास उडाला. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो. याहून मोठी शिक्षा नसते, मित्रांनो.

एकट्या रुपरावांना मात्र चैन नव्हतं. एकदा माझ्यापाशी बसून ते स्वतःशीच पुटपुटले, “दसऱ्याले एकच चमचा टाकलं. तेल कमी पडलं. माहीच चूक झाली.” तेव्हापासून प्लास्टर निघेपर्यंत ते रोज संध्याकाळी माझ्यात तेल सोडत राहिले. मायेनं मी काठोकाठ भरलोय आणि त्यातच बुडालोय.

मुलांनो, वस्तूला जीव लावा, पण तिला काय लागतं ते आधी जाणत्याला विचारा. आणि कोणी पडून रडत असेल, तर त्याचं म्हणणं एकदा तरी खरं धरून बघा.

आज जानेवारीतला शेवटचा रविवार. उशिरा मिळालेली दुसरी चाचणी सकाळी सात वाजता आहे. अंगणात इतकी थंडी आहे की माझ्या अंगात सगळं दगड झालंय. हर्षा बूट घालून उभी आहे. जोडलेलं मनगट चोळत ती सायकलपाशी घुटमळते आहे.

“भिऊ नको वं माय,” रुपराव म्हणाले. “तेल भरपूर टाकलं मी. आता नाही अडकत.”

कोणतं तेल, हे तिनं विचारलं नाही. महिनाभरात पहिल्यांदा ती हसली. वाकून बापाच्या पाया पडली, सायकलवर बसली आणि डावा पाय जोर देऊन माझ्यावर ठेवला.

खट्.

मी तो धरलाय. सोडणं आता माझ्या हाती नाही.