काविळीचं पिवळं पाणी

रविवारी वसईजवळच्या गास गावात शत्रुघ्नबुवांच्या अंगणात काविळीच्या रोग्यांची ही गर्दी. बुवा रोग्याच्या हातांना कसला तरी रस चोळायचे, परातीतल्या पाण्यात हात धुवायला लावायचे आणि पाणी पिवळंधमक व्हायचं.

"डॉक्टर नुसतं रक्त काढतो, आपण कावीळच काढतो," बुवा म्हणायचे. मग बरे झालेले लोक माइकवर हकीकत सांगायचे. हकीकती खऱ्या असायच्या, आणि पंचाईत तिथेच होती.

त्या दिवशी मी शेजारच्या स्वप्नाबाईंबरोबर गेलो. बाई वसईला कॉलेजात संशोधन कसं करावं ते शिकवतात. सोबत गासच्याच कृष्णाबाई होत्या. त्यांची गरोदर सून रोशनी गेल्या महिन्यात काविळीने गेली. पोटातलं बाळही गेलं.

स्वप्नाबाईंनी रस चोळून घेतला आणि स्वतःचे हात धुतले. पाणी पिवळं झालं.

"तुम्हालाही आतून कावीळ आहे," बुवा म्हणाले.

"असेल. आता तुम्ही धुवा."

बुवा कचरले, पण लोक बघत होते. पाणी पुन्हा पिवळं झालं.

"रस आंब्याच्या झाडाच्या सालीचा आणि पाणी चुन्याच्या निवळीचं," बाई म्हणाल्या. "हात कुणाचेही असोत, रंग येणारच."

"पण माझा परेश बरा झाला ना?" माइकवर मुलाची हकीकत सांगून आलेल्या धोंडूबाईंनी विचारलं.

"झाला, ते खरंच आहे. पण औषधाला गुण आहे का, हे एकाच्या हकीकतीवरून कळत नाही, मोजावं लागतं. मी आणि माझे विद्यार्थी घरोघर फिरलो. इथे न येता नुसतं पथ्य पाळणारेही तितकेच बरे झालेत. बहुतेकांची कावीळ आपोआप जाते. ज्यांची जात नाही, ते माइकवर येत नाहीत."

"मग लोक मरायला येतात कशाला इथे?" मी वैतागून म्हणालो.

"ते मोजून कळायचं नाही. त्यासाठी बसून ऐकावं लागतं," म्हणत बाई कृष्णाबाईंकडे वळल्या.

"दवाखान्यात कोनी धड बोललं नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "कागद दिला, मुंबईला न्या म्हनाले. हितं बुवांनी इचारलं, पोर जेवली काय? मला वाटलं, हा आपला मानूस. पिवळं पानी बघून पोरीला घरी नेली. चार दिवसांनी ती मला वळखत नव्हती."

येताना मी बुवांवर संतापलो होतो. आता नुसतं रडू येत होतं.

रांगेत एक पोटुशी पोर उभी होती, डोळे पिवळे. कृष्णाबाईंनी तिच्या हातांवरचा रस पदराने पुसला.

"पानी कोनाच्याबी हातानं पिवळं होतं, बाय. तू आत्ता दवाखान्यात चल. डाक्टर बोलला नाय, तर मी त्याला बोलता करते."