घट्ट माप

थोरलीच्या जिभेला हाड नव्हतं, हे गिऱ्हाइकांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने बेतलेला कपडा अंगावर चढला की माणूस आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे, म्हणून तिचं बोलणंही सगळे मुकाट ऐकून घेत. दोघी जावांचं शिवणकामाचं दुकान होतं. थोरली माप घ्यायची, कापड बेतायची आणि धाकटी मशीनवर शिवायची. नवीन असताना धाकटीने एकदा हौसेने टेप हातात घेतली होती. तेव्हा थोरली भर दुकानात म्हणाली, "इतकी ढिली टेप? बाईचं माप घेतेस की पलंगाचं?" गिऱ्हाईक पोट धरून हसलं. धाकटीने त्या दिवसापासून टेपला हात लावला नाही, कात्रीचं तर नावच सोडा.

मग थोरलीच्या फुप्फुसात गाठ निघाली. डाव्या बरगड्या फाकवून डॉक्टरांनी ती काढली. गाठ साधी निघाली, जखम छान भरून आली, आणि घरादाराने सुटकेचा निःश्वास सोडला. थोरलीला तो सोडता आला नाही. पाठीपासून डाव्या काखेखालून पुढे येणारा तळहाताएवढा रुंद पट्टा होता, त्याला कापड नुसतं लागलं तरी विस्तव ठेवल्यासारखी आग व्हायची. पंख्याचा वारासुद्धा चालत नसे. डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की बरगडीखालची नस दुखावली आहे. औषधाने आग कमी होईल, पण पूर्ण जाईल असं वचन देता येत नाही.

घरी आल्यावर थोरली म्हणाली, "या घरात मला नणंद नव्हती. डॉक्टरांनी तेवढी उणीव भरून काढली."

तेव्हापासून त्या दुखण्याचं नाव नणंदबाई पडलं. आज नणंदबाईंना वारा सोसत नाही, खिडकी लावा. नणंदबाईंनी रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. घरातले हसायचे, कारण ती हसवल्याशिवाय सोडतच नसे. पण गावाला कपडे चढवणारी ही बाई आपल्याच खोलीत उजव्या खांद्यावरून चादर गुंडाळून, डावी बाजू उघडी टाकून बसायची. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय राहिली नव्हती.

धाकटीचा जीव तुटायचा. तिने सगळ्यात मऊ मलमल आणली आणि चांगला ढगळ झगा शिवला. थोरलीने तो घातला, दोन पावलं चालली आणि ओठ दाबून काढून टाकला. "वारा भरतोय यात. झगा शिवलास की नावेचं शीड?" धाकटीने त्याहून मऊ कापड आणलं, त्याहून ढगळ झगा शिवला. तो तर खांद्यावरून खाली येता येताच थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकेक झगा खुंटीवर जात राहिला. धाकटीला शब्द लागायचे, पण ती गिळायची. दुखणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

शब्दांपेक्षा दुसरंच तिला जास्त लागायचं. ती खोलीत शिरली की थोरली बरेचदा भिंतीला अंग लावून, तोंड फिरवून उभी असायची. धाकटीला वाटायचं, माझं तोंडही बघवत नाही हिला.

इकडे दुकानात न बेतलेली कापडं साचत चालली. गिऱ्हाइकं विचारून विचारून दुसरीकडे जाऊ लागली. शेवटी एका दुपारी धाकटीने मनाचा हिय्या केला. दुकान बंद करू या, असं थोरलीला एकदाचं सांगून टाकायचं. दुकान हे थोरलीचं अर्धं आयुष्य होतं. हे ऐकून ती आणखीच खचली तर काय करायचं? याच विचारात धाकटी अवेळी घरी आली आणि दार वाजवायचं विसरून आत गेली.

थोरली पाठमोरी बसली होती. मांडीवर बिस्किटांचा जुना डबा, त्यात कातरणं. मागे एकदा तिने, "दुकानातली कातरणं आणून दे, पायपुसणं करीन," म्हणून ती मागवली होती. आता ती त्यातलं रेशमाचं कातरण घेऊन त्या पट्ट्यावरून फिरवत होती. मग सुती, मग लोकरीचं. लोकरीच्या कातरणाला तिचा हात खाली आला, आणि पुन्हा वर गेला. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती त्या कातरणाला शिव्या देत होती. धाकटीला नवल वाटलं, कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. आपण हिला नुसतं सोशीत बसलेली समजत होतो, आणि ही बाई रोज उठून लढाईवर जात होती.

"ताई, हे काय करताय?"

थोरली दचकली. "डॉक्टरबाईंनी सांगितलंय. कापडाची सवय करायची. नणंदबाईंना माणसांत आणायचंय." डोळे पुसून ती उठली आणि नेहमीसारखी भिंतीला डावी बाजू लावून, तोंड फिरवून उभी राहिली.

आज मात्र धाकटीला राहवलं नाही. "माझ्याकडे पाठ का फिरवता तुम्ही? माझं काय चुकलं?"

"तुझं?" थोरलीला काही कळेना. "अगं वेडे, डावी बाजू या भिंतीला लावायची म्हटल्यावर तोंड खिडकीकडे जाणारच. भिंत घट्ट धरते ना, म्हणून उभी राहते. हलकं काही लागलं की आग होते. दाबून धरलं की जरा गप्प बसतात बाईसाहेब."

 धाकटीची नजर खुंटीकडे गेली. मऊ, ढगळ, अंगाभोवती नुसते झुळझुळणारे सगळे झगे तिथे लटकत होते.

"ताई, मग हे सगळं मी उलटंच शिवलं की! तुम्हाला तंग बंडी पाहिजे. जराही न सरकणारी."

थोरलीचं तोंड उघडं राहिलं. जन्मभर कापडात वावरलेली बाई, पण आजारी माणसाला मऊ आणि सैल द्यायचं, यापलीकडे तिचंही डोकं गेलं नव्हतं. "शिवणी बाहेरच्या बाजूला," ती हळूच म्हणाली. "हुक उजवीकडे, म्हणजे हात वर करायला नको." आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पण माप घ्यावं लागेल."

माप म्हणजे त्या पट्ट्यावरून टेप. ऑपरेशन झाल्यापासून तिथे कुणाचं बोट लागलं नव्हतं.

थोरलीने खिडकीचे गज धरले. "घे."

धाकटीने जीव मुठीत धरून टेप पाठीमागून पुढे आणली. दुखू नये म्हणून तिने हात हलका ठेवला, आणि टेप पट्ट्यावरून घसरली. थोरलीच्या तोंडून किंकाळी निघाली. धाकटीने टेप टाकूनच दिली.

"ढिली!" थोरली गजांना धरूनच ओरडली. "किती वर्षं सांगतेय! घट्ट धर. चाचपू नकोस, एकदम दाबून लाव. मी मरत नाही."

धाकटीने टेप उचलली. दात आवळले, एका झटक्यात टेप अंगाला बसवली आणि त्यावरून तळवा दाबून धरला. थोरलीचं अंग ताठ झालं. मग तिने हळूहळू श्वास सोडला.

"आत्ता आलं माप," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे तसाच हात. माणसाचा हात लागून किती दिवस झाले गं." धाकटीने हात काढला नाही. दोघी रडल्या, आणि दुकान बंद करायची गोष्ट धाकटी साफ विसरून गेली.

बंडी धाकटीने बेतली. थोरलीला टेबलावर वाकवत नव्हतं, म्हणून ती खुर्चीत बसून नावं ठेवत होती, पण कात्री तिने मागितली नाही. पहिल्या दिवशी बंडी थोडाच वेळ अंगावर राहिली, मग जरा जास्त. औषधं आणि कातरणांचा डबा चालूच होता. काही दिवस असे गेले की बंडीही नको आणि माणसंही नकोत. दुसऱ्या दिवशी मात्र थोरली पुन्हा हुक लावायला बसायचीच. असली चिवट बाई मिळायची नाही.

आणि एका सकाळी थोरली दुकानात आली. शाळेतल्या एक बाई कपडे शिवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बंडी उलटी घातलीत! शिवणी बाहेर आल्यात."

"जन्मभर शिवणी आत डांबल्या मी," थोरली म्हणाली. "आता बसू देत त्यांना बाहेर."

धाकटीने जवळ जाऊन हळूच विचारलं, "नणंदबाई काय म्हणतात?"

"आल्यात की बरोबर. त्या कुठे जातायत मला सोडून? पण बसल्यात एका जागी."

बाईंनी माप द्यायला हात वर केले आणि सवयीने थोरलीकडे वळल्या. थोरलीने गळ्यातली टेप काढली, क्षणभर हातात धरली आणि धाकटीच्या गळ्यात घातली.

"माप ही घेईल," ती म्हणाली. "हिची टेप घट्ट असते."